पुण्यात राहून पुण्यातल्याच हॉटेलात चार रात्री, झाल्या पाच

आमची बिल्डिंग 1992 सालची. आतल्या सगळ्या पाण्याच्या लायनी लोखंडी, गंजून गंजून एवढ्या भरल्या होत्या की सकाळी नळ सोडला की आधी अर्धी बादली तांबडं पाणी, मग चांगलं. दिवाळीनंतर खालच्या काकूंच्या भिंतीत ओल उतरली. त्या वर आल्या, चहा प्यायल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त मोबाइलवर भिंतीचे फोटो दाखवले. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. प्लंबर म्हणाला भिंती फोडून सगळी लाइन प्लॅस्टिकची, सीपीव्हीसीची टाकतो, चार दिवस घरात पाण्याचा थेंब नाही मिळणार आणि धुळीचं तर विचारूच नका.

आता चार दिवस जायचं कुठं? नणंद पिंपळे सौदागरला, तिचा वन बीएचके, त्यात तिची मुलगी सीएच्या परीक्षेला बसलेली. आमच्या चिरंजीवांची शाळा कोथरूडला. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, 78 वर्षांच्या आणि गुडघे नुसते नावाला. म्हणून ठरवलं की डेक्कनला एखादं बरं हॉटेल बघू, अगदी लॉजही नको आणि पंचतारांकितही नको, मधलं काहीतरी. यावर सासऱ्यांच्या फोटोकडे बघून आई म्हणाल्या, "ऐकलंत का, कोथरूडहून डेक्कनला जायचं आणि हॉटेलात उतरायचं म्हणे."

तर जंगली महाराज रस्त्याच्या मागच्या एका गल्लीतल्या हॉटेलचा हा अनुभव. नाव लिहीत नाहीये. नाव लिहिलं की मॅनेजर आधी त्या हाउसकीपिंगच्या पोरालाच झापणार, आणि त्या अख्ख्या हॉटेलात झापण्यासारखा नसलेला माणूस तेवढा एकच होता.

बुकिंगचं आधी सांगते. अ‍ॅपवर एका खोलीचा भाव 4,300 दाखवत होता, नाश्ता वेगळा. मी सरळ हॉटेलच्या नंबरवर फोन लावला, म्हणलं दोन खोल्या, चार रात्री, काय देताय. 3,800, नाश्त्यासकट. अ‍ॅपवाल्यांचं कमिशन वाचतं त्यांचं, तेव्हा दोनपेक्षा जास्त रात्री असतील तर फोन करून घासाघीस करायला अजिबात लाजू नका. एवढं सगळं छान बोलणं झालं, मंगळवारी दुपारी दोन वाजता आम्ही चार बॅगा, एक पिशवी औषधं, एक पिशवी आईंचं पारायणाचं पुस्तक आणि समई (हो, समई) घेऊन रिक्षातून उतरलो, नवऱ्याने आधार कार्ड पुढं केलं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, लोकल आयडी चालत नाही."

म्हणजे काय तर पत्ता पुण्याचा असेल तर खोली मिळणार नाही. मी ऐकून होते की असं असतं पण ते जोडप्यांना छळायला असतं असा माझा समज. इथं नवरा, बायको, नववीतला मुलगा आणि वॉकर घेतलेली आजी, यात नेमकं काय संशयास्पद दिसलं देव जाणे. मी विचारलं नियम कुठला, तर म्हणे पॉलिसी आहे. कायद्यात असं काही नाही, हे हॉटेलवाल्यांनी स्वतःच लावून घेतलेलं आहे, पण हे त्याला सांगून उपयोग काय, तो बिचारा बावीस वर्षांचा. मॅनेजरला बोलवा म्हणलं. मॅनेजर जेवायला गेलेले. वीस मिनिटं आम्ही लॉबीत त्या एसीच्या खाली बसलो. शेवटी आईच उठून काउंटरपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "बाळा, घरात पाणी नाहीये. पुण्याच्या माणसाला पुण्यात पाणी मिळत नाही म्हणून तो तुझ्याकडे आलाय. आता तू पण नाही म्हण." त्याने फोन लावला, दबक्या आवाजात काहीतरी बोलला आणि फॉर्म पुढं सरकवला.

आयडीचं अजून एक, आधारची झेरॉक्स मागतात आणि ती काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यांच्या झेरॉक्सबरोबर पडून राहते, मी डोळ्यांनी बघितलं. लायसन्स द्या, नाहीतर आधारच्या साइटवरून मास्क केलेलं कार्ड काढून न्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मी लायसन्स दिलं, कुरकुर न करता घेतलं.

खोल्या 402 आणि 403. सुरुवातीला 402 गल्लीच्या बाजूची वाटली पण खिडकी उघडली तर लांबवर नदीपात्राच्या कडेने मेट्रो जाताना दिसते. चिरंजीव तिथंच चिकटले. गादी चांगली, चादरी खरंच स्वच्छ, उशा फार मऊ, आईंनी पहिल्याच रात्री उशी काढून शालीची घडी डोक्याखाली घेतली. एसीचा आवाज 403 मध्ये जास्त आणि त्याचं पाणी खिडकीच्या चौकटीवर टपकायचं, टप, टप, टप, रात्री दोन वाजता ते ऐकत मी पडले होते आणि खालच्या काकूंची आठवण येत होती. टीव्ही मोठा. पण सेट-टॉप बॉक्सवर मराठीतली फक्त न्यूज चॅनल्स, मालिकांचं एकही नाही. पुण्यात. खाली सांगितलं तर म्हणे पॅकेज कंपनीचं आहे. वायफायला दर चोवीस तासांनी प्रत्येक फोनवर नवा ओटीपी, आईंच्या साध्या फोनवर ओटीपी येणार आणि वायफाय चालणार माझ्या टॅबवर, हे त्यांना समजावताना माझी अर्धी संध्याकाळ गेली.

आता मुख्य मुद्दा, बाथरूम. काचेची पेटी. वर ताटाएवढा शॉवर, भिंतीत सहा नळांची काहीतरी चकचकीत यंत्रणा, फिरवाल तिकडून पाणी. आणि बादली नाही. पाणी घ्यायचा मग नाही. स्टूल नाही, धरायला दांडी नाही, फरशी गुळगुळीत. 78 वर्षांच्या बाईने त्या काचेच्या पेटीत उभ्याने अंघोळ करायची म्हणजे उद्या आम्हाला हॉटेल सोडून हॉस्पिटल शोधायला लागलं असतं. रिसेप्शनला फोन केला, बकेट पाहिजे. "मॅडम, आमच्याकडे शॉवर आहे." अरे आहे ना, दिसतोय मला.

दहा मिनिटांनी दार वाजलं. एक मुलगा, युनिफॉर्मचा शर्ट त्याला दोन मापं मोठा, हातात निळी बादली आणि तिच्यात मग. आईंनी बादली उलटी केली, प्रकाशाकडे धरली आणि म्हणाल्या, "ये देखो, इसको भोक है." त्याला भोक कळेना. आईंनी त्याच्यात बोट घातलं आणि खालून काढून दाखवलं. तो जो हसला! परत गेला, दुसरी बादली आणली, ही धड होती, आणि न सांगता बरोबर एक प्लॅस्टिकचं स्टूल, किचनमधलं असावं कारण त्याच्या पायाला कांद्याचं साल चिकटलेलं होतं. ते त्याने आधी पुसलं, मग ठेवलं. मग बाथरूमच्या फरशीकडे बघितलं, बाहेर जाऊन एक जाड पायपुसणं आणलं आणि स्टूलच्या समोर नीट अंथरलं. ओडिशाचा आहे म्हणाला, दोन वर्षं झाली पुण्यात, त्याची आजी गावाला असते. तेवढ्यावरून आईंनी त्याला नातू करून टाकला आणि पुढचे पाच दिवस आमच्या डब्यातल्या बेसनाच्या लाडवांचा हिशेब लागला नाही.

गरम पाणी सोलरचं, सकाळी 6 ते 10. हे चेक-इनला कोणी सांगत नाही, दाराच्या मागे एका लॅमिनेट केलेल्या कागदावर बारीक अक्षरात आहे. बुधवारी रात्री नवरा ऑफिसातून दमून आला, शॉवरखाली उभा राहिला आणि आतून जो आवाज आला तो 403 मध्ये आम्ही ऐकला.

आणि मग उजाडला गुरुवार. पुण्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. "गुरुवारी देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल," हे वाक्य आम्हाला आमच्या पत्त्यासारखं पाठ आहे. घरी असतो तर बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवलं असतं. पण हॉटेलात कोण पिंप भरतं! माणूस हॉटेलात जातो ते हा विचार दुसऱ्या कोणीतरी केलेला असेल म्हणून. सकाळी साडेआठला साबण लावलेल्या अवस्थेत नळाने एक खाकरा काढला आणि बंद. आईंची अंघोळ साडेपाचला झालेली, त्या खुर्चीत बसून जप करत होत्या, डोळे न उघडता म्हणाल्या, "बादली भरून ठेवलीय मी. मला वाटलंच होतं." भरलेली बादली. निळी. त्यावर माझं निभावलं.

टँकर यायला अकरा वाजले, गल्ली अरुंद, तो आत येईना, मग त्याच्यामागे रिक्षा, त्याच्यामागे स्कूलबस, सगळं डेक्कन हॉर्न वाजवतंय. चौकशी केली तर म्हणे टाकी मोठी आहे पण आदल्या रात्री बँक्वेटला कार्यक्रम होता त्यात पाणी संपलं. हो, तो कार्यक्रम आम्हालाही समजला होता. पहिल्या मजल्यावर हॉल आहे, तिथं बुधवारी कोणाचं तरी संगीत होतं, चौथ्या मजल्यावर आमच्या पाण्याच्या बाटलीत तरंग उठत होते. दहाला तरी स्पीकर बंद करतील असं वाटलं होतं, यांचा दहा वाजून वीस मिनिटांनी बंद झाला, तोही मी दोनदा फोन केल्यावर. रिसेप्शन म्हणतंय "लास्ट साँग मॅडम", तशी तीन लास्ट साँग झाली.

खाण्याचं मिश्र आहे. नाश्ता साडेसातला सुरू होतो, आई उठतात पाचला. खोलीत किटली आहे, पुड्या आहेत, दुधाची पावडर आहे, ते सगळं एकत्र करून जे होतं ते आईंनी एक घोट घेऊन बेसिनमध्ये ओतलं आणि बेसिन स्वच्छ धुऊन घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चिरंजीव सहाला थर्मास घेऊन खाली, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून चहा. एरवी घरी हा मुलगा साडेसातला हलवल्याशिवाय उठत नाही. इथं मात्र थर्मास आईंच्या हातात दिला की गुडलक कॅफेला बन मस्का खायला पसार, ते 1935 पासूनचं आहे ही माहिती मलाच येऊन देतो. नंतर डेक्कनहून मेट्रोने आनंदनगरला उतरून शाळेत. त्याला विचारलंत तर तो या हॉटेलला पाचपैकी सहा देईल.

बुफेत पोहे रोज, पण साडेआठनंतर गार आणि वर ओलं खोबरं नाही, लिंबाची फोड मागून घ्यावी लागते. इडली गोल दगड. ऑम्लेट मात्र समोर करून देतात, मिरची-कोथिंबीर सढळ हाताने, नवऱ्याने रोज दोन हाणली. उपमा सोडून द्या.

गुरुवारी आईंचा उपास. बुधवारी रात्री जेवताना मी किचनमध्ये सांगून ठेवलं की सकाळी साबुदाण्याची खिचडी जमेल का, आचारी म्हणाला जमेल की, रात्री भिजवतो. आणि खरंच केली, पाणी नसताना केली. बशी घेऊन स्वतः बाहेर आला. साबुदाणा मोकळा, दाण्याचं कूट भरपूर, वास मस्त, आणि फोडणीत मोहरी. मी आईंकडे बघितलं, आईंनी खिचडीकडे. तो समोर उभा. आई म्हणाल्या, "छान झालीय हो," एक चमचा उचलला, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि तो आत गेल्यावर बशी नातवापुढं सरकवली. स्वतः केळं आणि दूध. "पोराने मनापासून केलीय," एवढंच. नंतर मी आचाऱ्याला सांगितलं की उपासाला जिरं घाला, मोहरी नको, त्याने कपाळाला हात लावला आणि लिहून घेतलं.

पुढच्या टेबलावर एक जपानी बाई रोज दिसायच्या, पन्नाशीच्या, एकट्याच. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत शिकायला महिनाभर आलेल्या. त्यांची काही तक्रारच नव्हती. बादली कशाला म्हणून त्यांनी मला कौतुकाने विचारलं, मी सांगितलं, त्यांनाही पाहिजे झाली. त्यांनी आईंना खुर्चीवर बसून गुडघ्याचा एक व्यायाम दाखवला, आईंनी त्यांना डिंकाचा लाडू दिला, दोघींमध्ये एकही शब्द समान नव्हता आणि अर्धा तास गप्पा चालल्या. तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला हे हॉटेल चार स्टारचं वाटू शकतं, हे मी मान्य करते.

जागा तर प्रश्नच नाही. सकाळी आईंना हळूहळू चालवत पाताळेश्वराला नेलं, आठव्या शतकातली लेणी आणि बाहेर जे. एम. रोडचा गदारोळ, पण आत गेलं की गारवा. लहानपणी भावाबरोबर तिथं लपाछपी खेळायच्या असं त्यांनी सांगितलं. लग्न होऊन तीस वर्षं झाली त्यांच्या मुलाशी, हे मला पहिल्यांदा कळलं. शुक्रवारीपण तिथंच. पाणी शुक्रवारी आलं, उशिरा आणि कमी दाबाने, शब्द पाळला.

आता पैसे, कारण इथं लक्ष नाही दिलं तर गेलात. शुक्रवारी संध्याकाळी दाराखालून बिल सरकवलं. दोन खोल्या, चार रात्री, 30,400. त्यावर जीएसटी 12 टक्के, 3,648. मी चष्मा लावला. 7,500 पर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झालाय की! खाली गेले. मुलगा म्हणाला सिस्टिममध्ये तसंच येतंय. म्हणलं सिस्टिमला सांग मी खाली उभी आहे. मॅनेजर आले (हे जेवून आले होते एकदाचे), दोन मिनिटं कीबोर्ड बडवला आणि म्हणाले सॉरी मॅडम, जुना रेट राहून गेला. नवा आकडा 1,520. म्हणजे 2,128 रुपयांचा फरक, प्लंबरचा जवळजवळ दोन दिवसांचा चहा-नाश्ता-पेट्रोल निघालं. माझ्या आधी किती जणांनी 12 भरले असतील हे विचारलं, त्यावर ते प्रिंटरकडे बघत राहिले.

जेवणाच्या बिलातही 1,240 वर 124 रुपये सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला. तो द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर असतं, ग्राहक प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये तेच कायम ठेवलं. काढा म्हणलं की लगेच काढतात, वाद नाही, म्हणजे त्यांनाही माहितीये. ते 124 मी त्या बादलीवाल्याच्या हातात दिले. घेत नव्हता, आईंनी डोळे वटारल्यावर घेतले.

लाँड्री बघूच नका, शर्टाला 60 आणि साडीला 150. आम्ही बाथरूममध्ये धुतलं आणि चिरंजीवांनी दोन खुर्च्यांना शाळेच्या स्काउटची दोरी बांधून वाळत घातलं, मेट्रोकडे तोंड करून आईंचं नऊवारी. पार्किंग तळघरात आहे पण गाडी त्यांचाच माणूस लावतो आणि काढायला वीस मिनिटं. रिक्षाने आलो ते बरं केलं.

शनिवारी सकाळी बॅगा भरल्या, समई पुसून पिशवीत ठेवली, आणि प्लंबरचा फोन. लाइन भरून प्रेशर टेस्ट घेतली तर किचनमधल्या एका जॉइंटला गळतंय, आजचा दिवस जाईल. परत काउंटर. शनिवारचा भाव 4,600, विकेंड म्हणे. मी काही बोलायच्या आत तो पहिल्या दिवशीचा मुलगाच मॅनेजरला म्हणाला, "सर, आजींना जुन्याच रेटने देऊ या." 3,800 वर 5 टक्के, एकच खोली, चौघं एकात झोपलो, मी खाली गादीवर.

निघताना काउंटरवर क्यूआर कोड ठेवलेला, रिव्ह्यू द्या, पाच स्टार दिले तर कॉफी फ्री. मी साडेतीन देणार होते, तिथं अर्धा स्टार देता येत नाही, मग तीन दिले. कॉफी नाही मिळाली. जाणार असाल तर खोली चौथ्या मजल्यावरची मागा, बुधवारी हॉलला काही आहे का ते आधी विचारा, गुरुवार येत असेल तर आदल्या रात्री बादली भरून ठेवा. आणि हो, बादली घेताना उलटी करून बघा.